शैला, मी तुझ्यासाठी कधीच प्रार्थना केली नाही

शैला,

आपल्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेले अकरा दिवस तुझाच फोटो फिरतो आहे. सगळ्या जणी लिहिताहेत. तू किती शांत होतीस, किती शिस्तीची होतीस, तुझं अक्षर किती सुंदर होतं. कोणी हात जोडलेत, कोणी मेणबत्त्या लावल्यात, कोणी नुसतंच आरआयपी लिहून मोकळी झाली आहे. ‘कृपा, तू लिही ना काहीतरी, तुम्ही तर खास मैत्रिणी,’ असं मला तीनदा सांगून झालं. मी लिहिलं नाही. तुझ्या अक्षराबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला जे सांगायचं आहे ते तुलाच सांगायचं आहे, आणि ते ऐकायला तू नाहीस हे कळत असूनही मी लिहायला बसले आहे.

त्या गुरुवारी दुपारी तू हॉस्पिटलच्या खाटेवरून मला विचारलंस, “कृपे, करतेस ना माझ्यासाठी?”

मी म्हटलं, “हो. रोज.”

ते खोटं होतं. थोडंबहुत नाही, अथपासून इतिपर्यंत खोटं. चव्वेचाळीस वर्षांत मी तुझ्यासाठी एकदासुद्धा प्रार्थना केली नाही. तू माझ्यासाठी मात्र रोज केलीस. दोघींपैकी पाळकाची मुलगी मी होते, आणि तू देवळ्याच्या कांदेवाल्या घरातली, घरात खंडोबाचे टाक असलेली. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते आपल्या बाबतीत इतकं खरं ठरलं की हसूही येत नाही.

आठवीत तू आमच्या बोर्डिंगात आलीस. बरोबर पत्र्याची पेटी, पेटीवर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं नाव, आणि तुझे अण्णा. तुझे अण्णा मेट्रनबाईंना म्हणाले होते, “पोरगी हुशार हे, पर घरी राह्यली त कांदेच निंदत बसंल. तुमी तिला मानूस करा.” मी तेव्हा दाराशी उभी होते. आम्ही बोर्डिंगच्या आवारातच राहायचो, पप्पा तिथल्या चर्चच्या मंडळीचे पाळक होते, त्यामुळे नव्या मुली न्याहाळणं हा माझा हक्कच होता. तू पेटीवर बसून रडत नव्हतीस. पेटी कुठे ठेवायची ते विचारत होतीस.

जूनच्या पहिल्या रविवारी नावांच्या चिठ्ठ्या निघायच्या. आपल्या बोर्डिंगची ती जुनी रीत. मेट्रनबाई बिस्किटांच्या डब्यात सगळ्या मुलींच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, प्रत्येकीनं एक उचलायची, आणि जिचं नाव येईल तिच्यासाठी वर्षभर रोज प्रार्थना करायची. कोणाचं नाव आलं ते सांगायचं नाही. पुढच्या जूनला नवा डबा, नव्या चिठ्ठ्या. आम्ही पोरी पहिले आठ दिवस करायचो, मग विसरायचो. मी तर तिसऱ्याच दिवशी विसरायचे. पाळकाच्या घरात प्रार्थना ही मिठासारखी असते, आहे की नाही हे ती नसेल तेव्हाच कळतं, आणि ती नसायची वेळच येत नाही.

तुझ्या चिठ्ठीत माझं नाव आलं. ते मला कळलं दहावी संपून आठ वर्षं झाल्यावर, तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी. तुझ्या हाताला मेंदी लागलेली, मी तुला भात भरवत होते, आणि तू सहज म्हणालीस, “उद्यापासून सकाळी उठायची वेळ बदलेल, पण तुझं चुकवणार नाही.” मी विचारलं, माझं काय? मग सगळं बाहेर आलं. आठवीत उचललेली चिठ्ठी तू सोडलीच नव्हतीस. नववीत दुसरं नाव आलं, तेही धरलंस, हेही धरलंस. मी हसून हसून बेजार झाले. म्हटलं, “अगं वेडे, ते एक वर्षाचं होतं. जूनमध्ये संपलं ते.”

तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू मीच काहीतरी चुकीचं बोलले. म्हणालीस, “पण उद्यापन कुठे केलं आपण? व्रत घेतलं की उद्यापन करावं लागतं. मी मेट्रनबाईंना विचारलं होतं, उद्यापन कसं करायचं? त्या म्हणाल्या, आपल्यात उद्यापन नसतं. मग मी सोडू कसं?”

अशी चूक फक्त तूच करू शकत होतीस. आमच्या घरातल्या कोणाच्या डोक्यात हे आलंच नसतं. आम्हाला उद्यापन माहीत नव्हतं, म्हणून आम्ही सगळंच मध्ये सोडून द्यायचो.

पप्पांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, “मी चाळीस वर्षं उपदेश केला. मला अशी एक व्यक्ती मंडळीत मिळाली असती तर बरं झालं असतं.” त्या वेळी मला तुझा राग आला होता. आता सांगायला हरकत नाही.

शाळेनं आपल्या सगळ्यांना काय दिलं याची यादी ग्रुपवर रोज होते. चादरीचे कोपरे दुमडणं, शनिवारी नखं दाखवणं, वेळेवर येणं, ‘प्लीज’ आणि ‘थँक्यू’. एकीनं तर लिहिलं की त्या शाळेमुळेच ती आज एवढ्या मोठ्या कंपनीत आहे. असेल. देवाबद्दल त्या यादीत कोणी काही लिहीत नाही. कारण ज्या आमच्यातल्या होत्या त्यांना तो घरचाच, आणि ज्या तुझ्यासारख्या बाहेरून आल्या त्यांनी तो गणवेशाबरोबर तिथेच ठेवला. तू मात्र त्याला पेटीत घालून घरी नेलंस, आणि ते कोणाला सांगितलंही नाहीस.

तू हरसूलला जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलीस तेव्हा मी एकदा तुझ्याकडे आले होते. तू हजेरी घेत होतीस. एकेक नाव घ्यायचीस, मूल ‘हजर’ म्हणायचं, आणि तू लगेच पुढचं नाव घ्यायची नाहीस. एक क्षण थांबायचीस. मला वाटलं, तुला वाचायला चष्मा लागला असेल. नंतर एसटीच्या थांब्यावर चहा पिताना तू सांगितलंस की हजेरी घेताना तू प्रत्येकाचं नाव देवाला सांगतेस. “एवढ्या पोरांसाठी वेगळा वेळ कुठून काढू? हजेरी तर घ्यायचीच असते.” मी म्हटलं, सरकारी वेळेत प्रार्थना, तुझी चौकशी लागेल. तू म्हणालीस, “लागू दे. मनातलं हजेरीपटावर येत नाही.”

आणि पुढे पेठला बदली झाल्यावर खरंच चौकशी लागली. दुपारच्या खिचडीआधी तू पोरांना दोन मिनिटं डोळे मिटायला लावायचीस, म्हणून कोणीतरी वर कळवलं की बाई मुलांना बाटवतात. केंद्रप्रमुख आले. तू त्यांना सांगितलंस, “साहेब, डोळे मिटले की पोरं ढकलाढकली करत नाहीत. खिचडी सांडत नाही. तुम्ही उद्या डोळे उघडे ठेवून वाढून बघा.” साहेबांनी पोरांच्या आयांना बोलावलं. त्यातली एक पदर तोंडाला लावून म्हणाली, “आमचा पोऱ्या घरी बी खायाच्या आधी डोळे मिटतो. त्याच्या बापालाबी मिटवतो. वाईट काय हाय त्यात?” प्रकरण मिटलं. ही गोष्ट तू मला फोनवर हसत सांगितलीस, आणि मीही ती हसत ऐकली. फोन ठेवल्यावर मी घाबरून बसले होते. आमचं ख्रिस्ती नाव लावून जन्माला आलेल्या माणसाला अशा तक्रारींची भीती वेगळी वाटते, शैला. तुझ्याकडे आडनाव होतं, गाव होतं, कुळ होतं. तुला वाचवायला सगळे पुढे आले असते. माझ्या बाबतीत कोण आलं असतं हे मी मनातल्या मनात मोजत बसले.

हेच मी तुला त्या नाताळात बोलले. बोलले कसली, तोडलं तुला. पप्पा जाऊन चार महिने झाले होते. तू दरवर्षीसारखी करंज्यांचा डबा घेऊन उपासनेला आलीस, कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, आणि प्रत्येक गाणं पाठ. मी शेजारी तोंड मिटून उभी. मागच्या बाकावरची एक बाई कुजबुजली, ‘पाळकसाहेबांची मुलगी कोणती यातली?’ तू ऐकलं नसशील. मी ऐकलं.

पप्पांनी जन्मभर लोकांच्या खाटेशी बसून प्रार्थना केल्या. ते स्वतः सहा महिने खाटेला खिळले, पाठीला जखमा झाल्या, आणि मंडळीतले दोन गट खाली अंगणात कोणत्या गोष्टीवर भांडत होते? पाळकांच्या क्वार्टरची किल्ली कोणाकडे राहील यावर. पप्पांना वरून सगळं ऐकू यायचं. त्यांनी डोळ्यांनी मला खुणावलं, खिडकी लाव. मी खिडकी लावली, आणि त्या दिवशी माझ्याकडे जे काही उरलंसुरलं होतं तेही बाहेर राहिलं. ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू समजून घेतलं असतंस. त्याऐवजी मी तुला घरी आणून, चहा देऊन, तुझ्याच करंज्या तुझ्यासमोर ठेवून म्हटलं, “तुझं बरं आहे. तू पाहुणी. यायचं, गायचं, निघून जायचं. बाप्तिस्मा घे म्हटलं तर घेणार नाहीस, कारण मग देवळ्यात तोंड दाखवता येणार नाही. त्याची किंमत आमच्या आजोबांनी दिली. गावानं विहीर बंद केली होती त्यांची. तुला सगळं फुकटात पाहिजे.”

तू कप खाली ठेवलास. मग म्हणालीस, “खरं आहे. मी भित्री आहे. पण कृपे, मी त्याला सासूबाईंच्या देव्हाऱ्यासमोर बसून हाक मारते. त्याला अडचण वाटत असती तर इतक्या वर्षांत त्यानं मला कळवलं असतं.”

“आमचा देव असा कोणाच्याही देव्हाऱ्यात बसत नाही.”

“तू तर मानत नाहीस म्हणतेस. मग तो कुठे बसतो नि कुठे नाही, हे तुला कसं ठाऊक?”

मी चिडून म्हटलं, “माझं नाव घेणं बंद कर. मला नको आहे तुझी प्रार्थना.” तू उठलीस, चपला घातल्यास, दारात वळून म्हणालीस, “तुला काय त्रास आहे त्याचा? त्याचं लाइट बिल तुझ्या घरी येतं का?” आणि गेलीस. मला हसू आलं होतं, पण मी तुला हाक मारली नाही. आपण दोन महिने बोललो नाही. नंतर बोललो तेव्हा तो विषय काढला नाही. पुढे कधीच काढला नाही. तो वाद अजून तसाच पडून आहे, आणि आता मला कितीही उत्तरं सुचली तरी काय उपयोग?

खरं सांगू? मला त्रास व्हायचा, पण त्याचा आधारही होता. पाटबंधारे खात्यातली माझी ती नोकरी, एकटीचं घर, गर्भाशयाचं ऑपरेशन. भूल उतरली तेव्हा तू खुर्चीवर बसून नातवासाठी स्वेटर विणत होतीस. मी डोळे उघडले तर म्हणालीस, “आलीस? चहा नाही मिळणार आत्ता.” एवढंच. तू प्रार्थना केलीस का, असं मी विचारलं नाही. गरजच नव्हती. सकाळी उठलं की कुठेतरी मखमलाबादकडच्या एका घरात आंघोळ करून एक बाई आपलं नाव घेत असणार, ही गोष्ट मला माहीत होती. मी स्वतः देवाशी बोलत नव्हते, पण माझ्या वतीनं कोणीतरी बोलतं आहे, हे मी गृहीत धरलं होतं. देव मानत नाही म्हणणाऱ्या बाईनं हे गृहीत धरणं म्हणजे काय, ते मला आत्ता, या अकरा दिवसांत कळतं आहे.

मग तुझ्या यकृताचं निघालं. सगळं इतक्या भराभर झालं. दिवाळीत तू फराळ वाटत होतीस आणि संक्रांतीला तुझ्या हाताला तिळगूळ धरवत नव्हता. निवृत्तीला चार महिने राहिले होते. मी रोज यायचे. पेपर वाचून दाखवायचे, तुझ्या प्रशांतच्या बायकोला डबा द्यायचे, डॉक्टरांना नको ते प्रश्न विचारायचे. सगळं करत होते, एक सोडून.

त्या गुरुवारी प्रशांत मला बाहेर भेटला. कंपनीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेला, डोळे सुजलेले. म्हणाला, “मावशी, आई म्हणते तुम्ही ती शाळेतली प्रार्थना म्हणा. मोठ्यानं. तिला ऐकायचीय. आम्हाला कोणाला काही अडचण नाही.”

मी आत आले. दोन खाटांची खोली. पलीकडे कोणी म्हातारे गृहस्थ आणि त्यांचा जावई. तुझ्या सासूबाई तुझ्या पायाशी बसलेल्या, पंच्याऐंशी वर्षांच्या, पाठीचा कणा वाकलेला. तू माझ्याकडे पाहिलंस. शैला, मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पहिलं वाक्य आठवतही होतं. पण ते ओठांवर आलं आणि मला वाटलं, मी नाटक करते आहे. ज्या घरात चाळीस वर्षं दिवा लागला नाही त्या घराच्या दारात उभं राहून मी पाहुण्यांना या म्हणते आहे. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि हे मला तुझ्यासमोर कबूल करता येईना. म्हणून मी दुसरंच कारण पुढे केलं. प्रशांतला म्हटलं, “अरे, आजकाल दिवस कसे आहेत. दवाखान्यात हिंदू बाईच्या खाटेशी ख्रिस्ती बाई प्रार्थना करते म्हणून कोणी व्हिडिओ काढला तर? तुम्हालाच त्रास.”

प्रशांतनं पलीकडच्या जावयाकडे पाहिलं. “मावशी, तो क्रिकेट बघतोय.”

सासूबाई म्हणाल्या, “म्हन ना माय. तुना देवनं नाव ले. देव काय येगयेगळा शे का?”

ज्या बाईला मी जन्मभर अडाणी समजत आले, ती मला माझ्या देवाचं नाव घे म्हणून विनवत होती. आणि मी पिशवी आवरत म्हटलं, “आज नको. उद्या येते लवकर. उद्या नीट म्हणते.”

तूच माझी सुटका केलीस. “असू द्या, तिला घाई करू नका,” म्हणालीस. मग हात पुढे केलास. तुझा हात इतका हलका झाला होता की धरल्यावर धरला आहे असं वाटत नव्हतं. आणि तेव्हा तू विचारलंस. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतंस. परतफेड मागायचा तुझा स्वभावच नव्हता. पण आता तुला भीती वाटत होती, ते मला दिसत होतं. “कृपे, करतेस ना माझ्यासाठी? घरी?”

“हो. रोज.”

तुझा चेहरा सैल झाला. तू डोळे मिटलेस. मी जिना उतरून खाली आले आणि रिक्षा केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालत होते, तेव्हा प्रशांतचा फोन आला.

अमरधामच्या स्मशानात मी मागे उभी राहिले. घरी आले तर नळाला पाणी आलं होतं, म्हणून भरून ठेवलं. माणूस इतका निर्लज्ज असतो. त्या संध्याकाळी मी टेबलाशी बसून हात जोडून पाहिले. काहीच झालं नाही. वर कोणी नाही असंही वाटलं नाही, आहे असंही वाटलं नाही. टेबलावरच्या प्लॅस्टिकवर माझ्या हातांचा घाम उमटला, तेवढाच.

आणि काल तुझा दहावा. गोदाकाठी पिंड मांडले. मी पायऱ्यांवर बायकांच्या मागे उभी होते. भटजींनी सगळं केलं आणि सगळे मागे सरले. एरवी मी या कावळ्याच्या प्रकाराला हसणारी. पप्पांच्या घरात वाढलेली मी, मला त्यात काय? पण काल मी श्वास रोखून उभी होते. मला वाटत होतं, तो येऊ नये. तासभर येऊ नये. सगळ्यांनी तुझी राहिलेली इच्छा शोधावी, प्रशांतनं हे कबूल करावं, सुनेनं ते कबूल करावं, तरी तो येऊ नये, आणि शेवटी सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहावं. मला पकडलं जायचं होतं, शैला. तुझं माझ्याकडे काहीतरी अडकून राहिलंय, हे कोणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं होतं.

कावळा लगेच आला. भटजी अजून मागे सरत होते तेवढ्यात आला, आणि शिवला.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. सासूबाई रडत म्हणाल्या, “काही मांगे नई ठेवं तिनी.” बायका म्हणाल्या, समाधानानं गेली, भाग्याची. मी एकटीच तिथे अशी होते जिला त्या शब्दांनी मारून टाकलं.

परत निघताना प्रशांत माझ्याबरोबर पायऱ्या चढला. मुंडण केलेला, लहान दिसत होता. त्यानं विचारलं, “मावशी, तुमच्यात दहावा-तेरावा नसतो ना? मग गेलेल्यासाठी काय करतात?”

मी म्हटलं, “काही नाही. आमच्यात गेलेल्या माणसासाठी प्रार्थनाही करत नाहीत. जे करायचं ते माणूस असताना. नंतर काही पोचत नाही.”

माझी सगळी श्रद्धा गेली, शैला, पण हा एक नियम कसा कोण जाणे पक्का राहिला आहे. त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

प्रशांत वरच्या पायरीवर थांबला. मग म्हणाला, “मग बरं झालं. तुम्ही तर आई असतानाच रोज करत होता. त्या शेवटच्या रात्री तिला धाप लागली होती, मी घाबरलो. तर ती मला म्हणाली, मला काही भीती नाही रे, कृपा तिकडे माझं नाव घेत असेल. आणि झोपली.” त्यानं माझा हात हातात घेतला. “तुमचे उपकार आहेत, मावशी.”

मी मान हलवली. हो म्हटलं.

हे दुसरं खोटं. पहिलं तू असताना बोलले, ते माफ करायला निदान तू होतीस. हे माफ करायला तू नाहीस, आणि तो आहे की नाही, ते मला माहीत नाही.